सातची गाडी आणि बळीरामचा पाय

सावळधऱ्याच्या बळीराम मुनेश्वरचा उजवा पाय डाव्यापेक्षा जास्त नावाजलेला होता. त्या पायानं तीस वर्षं यष्टी थांबवून धरली होती. गाडी निंबाखाली वळून उभी राहिली की बळीराम हातात चहाची किटली घेऊन यायचा, ड्रायव्हरला कप द्यायचा आणि उजवा पाय दाराच्या पायरीवर ठेवायचा. मग गाडी हलायची कशी? ज्यानं चहा पाजला त्याच्या पायावरून गाडी नेणारा ड्रायव्हर अजून जन्माला यायचा आहे.

सावळधरा घाटंजीपासून बावीस किलोमीटर. त्यातले शेवटचे चार मोठा रस्ता सोडून आत, तलावाला वळसा घालून. वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या ३४२ लिहिलेली आहे, पण पाटी जुनी. ती रंगवल्यावर निम्मे पोट्टे पुण्याला न् नागपूरला गेले, काही म्हातारे त्याहून लांब गेले, आणि जी चार लेकरं जन्मली त्यांच्यासाठी कोणी पुन्हा रंगाचा डबा उघडला नाही. गाडी दिवसातून दोनदा येते. सकाळी पावणेसातला येऊन सातला परत जाते आणि संध्याकाळी शाळेची पोरं आणून सोडते. बाकी वेळी ज्याच्याकडे मोटरसायकल तो राजा, आणि बाकीच्यांनी आपले पाय वापरावे.

बळीरामची चहाची टपरी निंबाखालीच. गाडी थांबवायचं काम त्याला कोणी दिलं नव्हतं. झालं असं, की रस्ता नवा झाला आणि गावात पहिल्यांदा यष्टी आली, त्याच आठवड्यात त्याच्या मायला डोळे दाखवायला घाटंजीला जायचं होतं. माय पहाटे चारला उठली. आंघोळ, नवं लुगडं, भाकर फडक्यात बांधलेली. घरातून निघाली आणि बकरी सुटली म्हणून दोन मिनिटं मागं वळली. तेवढ्यात गाडी गेली. माय निंबाखाली उभी राहून तिच्या धुळीकडे बघत होती. "जाऊ दे, उद्या जाईन," म्हणाली. पण बळीरामला ते लुगडं अजूनही आठवतं. दुसऱ्या दिवशी त्यानं पायरीवर पाय ठेवला, तो ठेवलाच.

त्याला साऱ्या गावाची सकाळ तोंडपाठ होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला की तो टपरीतूनच सांगायचा, "दोन मिनिट भाऊ. किसनरावची सून वेणी घालून राह्यली." किंवा, "मैनाबाई निंघाली, पन चप्पल सापडून नाही राह्यली तिले." आणि खरंच, मैनाबाई एका पायात चप्पल, दुसरी हातात अशी येताना दिसायची. त्यानं बाळंतिणीसाठी गाडी थांबवली, नवरदेवाच्या राहिलेल्या बुटांसाठी थांबवली, एकदा तर बोकड विकायला नेणारा माणूस तयार होता पण बोकड तयार नव्हता, म्हणून थांबवली. गाव त्याच्यावर जीव टाकायचं. आणि गाव आळशीही झालं होतं, हे सांगायला कोणाची भीती आहे? पहिला हॉर्न वाजला की लोक उठायचे, दुसऱ्याला तोंड धुवायचे. घाई काहून करायची? बळीराम हाये ना.

गेल्या जानेवारीत एका सकाळी कंडक्टर निकितानं सरपंच किसनरावच्या हातात डेपोचं पत्र ठेवलं. निकिता बाभुळगावची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, कामाला कडक पोरगी. पत्रात सरळ लिहिलं होतं: सातच्या फेरीला प्रवासी फार कमी आहेत, पुढचे पंधरा दिवस रोज मोजणी होईल, आकडा वाढला नाही तर एक तारखेपासून फेरी बंद.

किसनरावनं चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा बळीरामला वाचायला दिलं. बळीरामनं हातातली किटली खाली ठेवली. त्याचं शेंडेफळ, मोनाली, घाटंजीला बारावीत होती, सायन्सला. गावातल्या आणखी पाच पोरी त्याच गाडीनं जायच्या. पोरींना पास फुकट, म्हणून आईबाप पाठवत होते. गाडी गेली की कोणता बाप पोरीला चार किलोमीटर अंधाऱ्या पांदीनं फाट्यावर पायी धाडणार? मोनालीला नर्स व्हायचं होतं. परीक्षा महिन्यावर आलेली, आणि मोठा मुलगा राजदीप लोहाऱ्याच्या कंपनीत एका खोलीत तिघांबरोबर राहायचा, तिथं बहिणीला ठेवायची सोय नव्हती. बळीरामनं हे सगळं त्या पत्राच्या दोन ओळींमध्ये वाचलं.

संध्याकाळी समाजमंदिरासमोर सभा बसली. कोणी म्हणालं मोर्चा काढू, कोणी म्हणालं रोज साऱ्या गावानं गाडीत बसायचं. किसनराव म्हणाला, "अरे पन बसन कोन? कापूस वेचाचा कोनी? गावात दीडशे मानूस उरलं, त्यात निम्मे म्हातारे. गाडीत सीटा चव्वेचाळीस. कितीबी जोर लावला तरी रोज पंधरावर जात नाही." हिशेब बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी निकितानं तिकिटं फाडता फाडता बळीरामला विचारलं, "काका, तुम्ही कधी या सातच्या गाडीत बसले का?"

"मी बसलो तं थांबवन कोन?"

"उद्या बसा. एक दिवस. मले काही म्हनाचं नाही, फक्त बसा."

बळीराम बसला. टपरीवर बायको प्रभावतीला उभं केलं, नेहमीप्रमाणे ड्रायव्हर रामधनला चहा पाजला, नेहमीप्रमाणे मैनाबाईची चप्पल सापडेपर्यंत पाय पायरीवर ठेवला, आणि सात बावीसला गाडीत चढून खिडकीशी बसला. गाडीत तेरा माणसं. त्याला मोठी मौज वाटत होती. तलावावर धुकं, किसनरावचा हरभरा घाट्यांवर आलेला, आणि आपण साहेबासारखे खिडकीशी. लेकीकडे बघून त्यानं भुवया उडवल्या. तिनं मैत्रिणींसमोर ओळख दाखवली नाही.

गाडी मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर आली. तिथं सिमेंटचा बाक आहे आणि देवसिंगचा पानठेला. बाकावर एकच म्हातारी, बिजलीबाई, पलीकडच्या तांड्यावरची. बाकी नुसती धूळ उडत होती.

बळीरामनं खिडकीतून विचारलं, "देवसिंगभाऊ, कोनी नाही आज?"

"होते ना बाप्पा. अठरा-वीस जन होते. आताच ऑटोत कोंबून गेले."

"आजच?"

"रोजच जातात म्हना. दोन वर्सं झाले, ऑटो सुरू झाले तवापासून. दोन गावचे लोक इथीसा सात वाजता येऊन उभे राह्यतात, थंडीत काकडतात. गाडी कवा येईल कोनाले मालूम? कधी सव्वासात, कधी साडेसात. कटाळले मानसं. पहिले इथं गाडीत चढाले धक्काबुक्की होये."

बिजलीबाईला ऑटोत कोणी घेत नव्हतं, कारण तिच्या टोपल्याला एका माणसाची जागा लागायची. ती गाडीत चढली, बळीरामच्या मागच्या सीटवर बसली आणि श्वास लागला असतानाही बोलायला सुरुवात केली. "त्या आतल्या गावात कोन मेला रोज गाडी धरून ठेवते म्हने पायानं. दिसू दे मले एक डाव. त्याच्या तंगड्याच मोडतो."

बळीरामनं उजवा पाय हळूच सीटखाली ओढला. गाडीभर सावळधऱ्याचे लोक खिडकीबाहेर बघू लागले, आणि मोनालीनं ओढणी तोंडात कोंबली ती हसू दाबायला. निकिता पुढे होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, बरी पोरगी.

घाटंजी येईपर्यंत बळीरामचा पाय सीटखालीच होता. तीस वर्षं त्याला वाटत होतं, गाडी सावळधऱ्यातून निघते आणि घाटंजीला पोचते. मधे एक फाटा आहे, तिथं वीस माणसं घड्याळ बघत उभी असतात, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. असणार कसं? पाय पायरीवर होता तेव्हा डोळे कायम गावाकडं होते. मायेपोटी थांबवली, आणि थांबवून थांबवून आपणच बंद पाडली. स्टँडवर त्यानं दुसऱ्याच्या हातचा चहा घेतला आणि अर्धा कप तसाच ठेवला.

घरी येऊन त्यानं प्रभावतीला सगळं सांगितलं, तंगड्यांसकट. प्रभावती आधी पोट धरून हसली. मग त्याचा चेहरा पाहून जवळ बसली. "तुमी काई चोरी नाही केली," ती म्हणाली. "पन ते फाट्यावरचे बी कोनाचे तं लेकरं हायेत ना. आता पाय काढा."

"गाव शिव्या देईल."

"देऊ द्या. शिव्यानं आंगाले भोकं नाही पडत."

त्याच संध्याकाळी बळीराम फाट्यावर गेला आणि देवसिंगच्या ठेल्यापुढं त्यानं जाहीर केलं, की उद्यापासून गाडी सात वाजून दहा मिनिटांनी इथं येणार. लोक हसले. यष्टीच्या वेळेवर विश्वास ठेवण्यापेक्षा पोपटवाल्या ज्योतिष्यावर ठेवावा, असं एक जण म्हणाला. बळीराम म्हणाला, "अकरावं मिनिट झालं तं माह्या टपरीवर साऱ्याईले चहा फुकट." देवसिंगनं खडू घेऊन ते ठेल्याच्या फळीवर लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला सावळधऱ्याच्या गल्लीत थाळी वाजली. बळीराम स्टीलच्या ताटावर पळी हाणत फिरत होता. "उठा वो मैनाबाई, चप्पल आताच शोधा. किसनराव, सूनबाईले म्हना वेनी घालाले बसा. आज मी थांबवत नाही." लोकांना वाटलं म्हाताऱ्याची गंमत आहे. सात वाजले. रामधननं चहा घेतला आणि सवयीनं पायरीकडं पाहिलं. पायरी रिकामी होती. बळीराम दहा हात लांब, दोन्ही पाय जमिनीवर आणि दोन्ही हात पाठीमागं, स्वतःलाच धरून ठेवल्यासारखा उभा.

"जाऊ काय?" रामधननं विचारलं.

"जाय."

गाडी गेली. मागं सात माणसं राहिली, त्यात खुद्द सरपंच किसनराव, तहसीलची फाईल काखेत घेऊन. किसनराव निंबाखाली उभा राहून म्हणाला, "बळीराम, तू फितूर झाला." आणि पुढं तो बळीरामशी बोलला नाही. चहासुद्धा घरूनच पिऊन यायचा. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. बळीरामला ते लागलं, त्यानं लपवलं नाही. दुपारी टपरीवर बसून तो रिकामा कप चारदा धूत होता.

पण दुसऱ्या दिवशी काय झालं माहीत आहे? किसनराव पावणेसातला निंबाखाली हजर. तोंड वाकडं, पण हजर. तिसऱ्या दिवशी मैनाबाई दोन्ही पायांत चप्पल घालून आली आणि लोकांनी तिला मुद्दाम खाली बघायला लावलं. थाळी वाजली की गल्लीत दिवे लागायचे. लेकरं थाळीच्या तालावर ओरडू लागली. ज्यांना कुठं जायचं नव्हतं तेही सहाला उठून दात घासत उभे राहायचे आणि कोण मागं पडतं यावर पैजा लावायचे. इतकी मजा सावळधऱ्याला पोळ्याशिवाय कधी येत नव्हती.

फाट्यावर पहिल्या दिवशी तीन जण चढले. गाडी सात वाजून नऊ मिनिटांनी आली होती, आणि देवसिंगनं घड्याळ कानाला लावून पाहिलं की ते चालू आहे का. पाचव्या दिवशी आठ. नवव्या दिवशी तेरा. निकिता रोज संध्याकाळी गाडीतून उतरता उतरता बळीरामला बोटांनी आकडा दाखवायची, आणि एक दिवस तिला बोटं पुरली नाहीत, तिनं रामधनचा हात उसना घेतला.

शेवटचा, पंधरावा दिवस. आज डेपोचे साहेब स्वतः गाडीत बसून आले होते, काखेत पॅड, पुढच्या सीटवर. आणि आजच मोनालीची बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा, दहा वाजता. सारी मंडळी सहा पन्नासला गाडीत. मोनालीही चढली, बसली, दप्तरात हात घातला आणि पांढरी पडली. जर्नल घरी राहिलं. जर्नलशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. ती उतरली आणि पळत सुटली.

सात वाजले. रामधननं हॉर्न दिला. गल्लीच्या टोकावरून प्रभावतीचा आवाज आला, "थांबवा वो, सापडलं, येऊन राह्यली ते."

सारी गाडी बळीरामकडं बघू लागली. रामधन बघू लागला. निकिताचा हात घंटीच्या दोरीवर, तीही बघू लागली. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बळीरामचा उजवा पाय उचलला गेला होता, तीस वर्षांची सवय, तो पायरीपासून वीतभर अंतरावर होता. त्याला एकाच वेळी लेकीची धावतानाची वेणी दिसली आणि मायचं नवं लुगडं. आणि फाट्यावरची ती माणसं, काकडत उभी, फळीवरचा खडू वाचणारी. त्यानं पाय खाली घेतला.

"जाय," तो म्हणाला. रामधन हलला नाही, म्हणून परत म्हणाला, "जाय, रामधन."

गाडी निघाली. मोनाली जर्नल छातीशी धरून निंबाखाली पोचली तेव्हा धूळ उरली होती. तिनं बापाकडं पाहिलं. ते पाहणं बळीरामला सोसलं नाही. तेवढ्यात मागून मोठ्यानं आवाज आला, "उभी काय राह्यली बाई? पाय." पाय म्हणजे पळ. बोलणारा किसनराव होता. आज त्याला कुठं जायचं नव्हतं, नुसता बघायला आला होता. ज्याच्या हरभऱ्यात शेळीचं तोंड गेलं तर चार दिवस भांडण चालायचं, तो माणूस कुंपणाची काटेरी झापी स्वतःच्या हातानं ओढून उघडत होता. "माह्या वावरातून सरळ जाय. गाडी तलाव फिरून, फाटा घेऊन मंग पुलावर येते, तू आधी पोचतं. झाडं तुटले तं तुटू दे."

मोनाली घुसली. हरभऱ्याच्या हिरव्या रानात तिची निळी ओढणी थोडा वेळ दिसली, मग बांधापलीकडं गेली.

आता करायचं काय? बळीराम टपरीत जाऊन बसला. दूध उतू गेलं, त्यानं बघितलं नाही. प्रभावती शेजारीच उभी होती. किसनराव इतक्या दिवसांनी टपरीच्या बाकड्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "चहा दे." बळीरामनं दिला. त्यात साखर नव्हती. किसनरावनं तो तसाच संपवला.

सात वाजून अठरा मिनिटांनी बळीरामचा फोन वाजला. मोनालीचा. मागं इतका गलका, की त्याला फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबावा लागला.

"बाबा, भेटली गाडी. पुलावर हात दाखवला, रामधनकाकानं थांबवली. साहेब म्हने, हात दाखवला तं थांबवाच लागते, नेमच हाये."

"बसली ना पोरी? दम घे जरा. बसली ना?"

"नाही ना बाबा," पोरगी हसत होती, तिला धाप लागली होती, "बसाले जागाच नाही. आज आपल्याच गावचे वीस हायेत, अन् फाट्यावर सव्वीस जन चढले. मी उभीच हावो. साहेबाईनं आपली सीट एका बाळंतिणीले देली, ते बी उभेच हायेत. ते टोपलंवाली आजी म्हने, माह्या मांडीवर बस. थांबा, निकिताताई बोलते म्हने."

फोनवर निकिता आली. तिला बोलायला फुरसत नव्हती. "काका, साहेब म्हनतात पॅडवर लिहाले हात मोकळा नाही. फेरी चालू राह्यली. ठेवतो, तिकटा फाडाच्या हायेत."

फोन बंद झाला तरी बळीराम तो कानाशीच धरून होता. किसनराव त्याच्या तोंडाकडं बघत होता. प्रभावतीला धीर निघेना.

"काय म्हने? भेटली काय गाडी? जागा भेटली काय तिले?"

"नाही," बळीराम म्हणाला. तो हसत होता आणि त्याच्या गालावरून पाणी चाललं होतं. "जागा नाही भेटली. उभी हाये."

मग तो डोळे पुसायला दुपट्टा शोधू लागला. टपरीत बघितलं, बाकड्याखाली बघितलं. शेवटी किसनरावनं तो त्याच्याच खांद्यावरून काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "आता एक चहा साखर घालून दे."